मलबार क्लबचा सातवा गडी

शिट्टी वाजवायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा रविवारी सकाळी भिंगारच्या बाजूच्या आमच्या मैदानावर यावं आणि माझी शिट्टी अर्धा तास धरून दाखवावी. चहा माझ्याकडून. मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो, त्या नोकरीतून रीतसर हारतुरे घेऊन बाहेर पडलो. पण खरं काम केलं ते फुटबॉलच्या पंचाचं, आणि ते अजून चालू आहे. शाळेतल्या पोरांना माझं नाव आठवत नाही. चितळे रोडवर भाजी घेताना मात्र कुणी ना कुणी हाक मारतंच, 'ओ शिट्टीवाले सर, त्या दिवशीची पेनल्टी चुकली बरं का तुमची.' चुकलेली नसते. पण भाजीच्या पिशव्या हातात घेऊन वाद घालायचा नाही, एवढं वय शिकवतं.

बाहेरगावचे पाहुणे विचारतात, नगरला फुटबॉल कुठून आला? आता शहराचं नाव बदललंय, कागदावर मी नवीनच लिहितो, तोंडात नगर येतं. तर नगरला फुटबॉल आला तो बाहेरून पोट भरायला आलेल्या माणसांच्या पायांतून. आपल्याकडे कुस्ती, कबड्डी आणि आता गल्लोगल्ली क्रिकेट. पण एमआयडीसीत लेथवर कामाला आलेले केरळचे लोक, हॉटेलांत आणि चायनीजच्या गाड्यांवर राबणारी नेपाळची पोरं, मागावर बसणारी तेलुगू घराणी, चर्चच्या आवारातली मंडळी, या सगळ्यांचे आपापले क्लब. मलबार क्लब, हिमाल क्लब, अशी नावं. दर वर्षी दिवाळीनंतर लीग सुरू होते ती उन्हाचा कडाका वाढेपर्यंत चालते.

या क्लबांची एक रीत होती, कुठे लिहिलेली नाही पण पाळायचे सगळे. आपल्या क्लबात आपलाच माणूस. मलबारमध्ये मल्याळी, हिमालमध्ये नेपाळी. सुरुवातीला हे माझ्या डोक्यात जायचं. मग कळलं, की आठवडाभर दुसऱ्यांची भाषा बोलून ज्यांचा जबडा दुखतो, त्यांना रविवारी आपल्या भाषेत 'पास दे' म्हणून ओरडायला मिळणं ही फार मोठी गोष्ट असते. क्लब म्हणजे नुसता खेळ नव्हता. कुणाच्या बहिणीचं लग्न जमवायचं, कुणाला दवाखान्यात डबा पोचवायचा, कुणी गेलं तर खांदा द्यायचा, सगळं क्लबच करायचा.

आणि म्हणूनच पंच म्हणून माझी वर्णी लागली. मी शेवगावकडच्या शेतकरी घरातला. आमच्या गावात फुटबॉल म्हणजे जत्रेत मिळणारा फुगा. कॉलेजात असताना मी खेळलो, पण इथे माझा क्लब कुठला? कुठलाच नाही. मलबार क्लबचे जॉर्जभाऊ एकदा शाळेत आले आणि वर्गाबाहेर उभे राहून म्हणाले, "सर, तुमी कुनाचेच न्हाई. म्हनून शिट्टी तुमीच धरा."

जॉर्जभाऊंची मराठी अशी, की कोपरगावचा माणूसही फसावा. ते तरुणपणी लेथवर कामाला आले तेव्हा शेजारच्या मशीनवर पाथर्डीची पोरं होती. त्यांच्याकडून भाषा उचलली, ती तशीच राहिली. त्यांच्या बायकोची, लिसीवहिनींची, मराठी पेशंटच्या नातेवाइकांकडून आलेली. त्या नर्स होत्या. 'घाबरू नका, काही होत नाही' हे वाक्य त्यांच्याइतकं शुद्ध मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. घरात नवराबायको मल्याळम बोलायचे. मुलगा बिजू ऐकायचा मल्याळम आणि उत्तर द्यायचा मराठीत. जॉर्जभाऊंना त्याचं फार लागायचं, पण ते बोलून दाखवायचे नाहीत.

आता पंचाचं काम काय ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चेंडूच्या मागे धावायचं नसतं. मैदानाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे धावायचं, म्हणजे चेंडू आपल्या आणि रेषेवरच्या सहायकाच्या मधे राहतो आणि दोन बाजूंनी दिसतो. फाउलची शिट्टी आखूड, खेळ संपल्याची लांब. सगळ्यात अवघड काम म्हणजे शिट्टी न वाजवणं. ज्याला पाडलं त्याच्याच संघाकडे चेंडू राहिला, तर हात पुढे करून खेळ चालू ठेवायचा, कारण शिट्टी मारली तर ज्याने पाडलं त्याचाच फायदा. नवीन पोरं इथे हमखास गडबडतात. शिट्टी हातात आली की वाजवावीशी वाटते. आमची ही म्हणते, घरातसुद्धा तुम्हाला वाजवावीशी वाटते, पण इथे कुकर आधीच आहे.

शिव्या शिकाव्या लागल्या. हसू नका. पंचाला शिवी दिली तर बाहेर काढायचं असा कायदा आहे, पण ती शिवी आहे हे कळलं तर ना. पहिल्या वर्षी ही मंडळी माझ्या तोंडावर मला काय वाटेल ते म्हणायची आणि मी मान डोलवायचो. मग मी प्रत्येक क्लबातला एकेक माणूस पकडून त्यांच्याच शिव्यांची शिकवणी घेतली. पुढच्या लीगला मल्याळम शिवीवर लाल कार्ड दाखवलं तेव्हा त्या खेळाडूपेक्षा जॉर्जभाऊच जास्त खूश झाले. म्हणाले, "सर, लई बरं वाटलं. आमची भाषा नगरमदी कुनालातरी कळाली."

तेलुगू क्लबाचा गोलकीपर गोलच्या आत लिंबू ठेवायचा. समोरचे म्हणायचे काढा, हे म्हणायचे हात लावून बघा. एकदा चांगलीच जुंपली. मी लिंबू उचललं. सगळे श्वास धरून बघताहेत मला काय होतं ते. मी ते खांबाच्या बाहेरच्या बाजूला, जाळीच्या मागे ठेवलं आणि सांगितलं, देव आत असो की बाहेर, त्याला दिसतंच. लिंबू आत असताना चेंडू त्यावर आपटून वळला तर मात्र मला निर्णय देता येणार नाही. दोन्ही बाजूंना पटलं. लिंबू अजून जाळीमागेच असतं.

पण माझी खरी कमाई म्हणजे आईचा फोन. त्याचं झालं असं. हिमालच्या संघात एक चपळ, कडेने धावणारा विंगर आला. हिमालचा कप्तान प्रकाश, नेप्तीच्या कांदा मार्केटजवळ त्याची चायनीजची गाडी आहे. सगळं गाव त्याला बहादूर म्हणायचं. पहिल्यांदा मी म्हणालो तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, "सर, बहादूर माझा चुलता. माझं नाव प्रकाश आहे." तेव्हापासून मी कुणालाही बहादूर म्हणत नाही. तर त्या विंगरने मलबारला दोन गोल मारले आणि मध्यंतराला जॉर्जभाऊ तणतणत मैदानात आले. "हा नेपाळी न्हाई. दार्जिलिंगचा हाय. म्हंजी भारताचा. हिमालमदी कसा?"

प्रकाश म्हणे नेपाळी आहे, जॉर्जभाऊ म्हणे नाही. आता कुणाचा पासपोर्ट बघायचा? मी त्या पोराला म्हणालो, "आईला फोन लाव. स्पीकरवर." त्याने लावला. पलीकडून आई जे बोलली ते नेपाळी. काय बोलली ते मला कळलं नाही, पण हिमालची सगळी पोरं खाली मान घालून हसत होती, म्हणजे बहुतेक जेवणावरून बोलणी बसली असावीत. मी निकाल दिला: माणूस आईशी ज्या भाषेत बोलतो, तो त्याच क्लबाचा. जॉर्जभाऊ महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण नियम त्यांनाही आवडला. पुढे तो सगळ्या लीगचाच झाला. शंका आली की प्रतिस्पर्धी कप्तानाने आक्षेप घ्यायचा आणि ज्याच्यावर आक्षेप त्याने मधल्या वर्तुळात उभं राहून आईला फोन लावायचा. एका आईने स्पीकरवरूनच लेकाला गॅसच्या नळीबद्दल इतकं झापलं, की त्याला खेळवायचं की घरी पाठवायचं असा मलाच प्रश्न पडला. पण फोनवर वाद संपायचा. मी या नियमावर इतका खूश होतो, की पाहुण्यांना चहाबरोबर तो सांगायचो.

मधे मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो, न्यू जर्सीला. तिथे रविवारी माणूस काय करणार? जावई म्हणाला, चला, सॉकर बघायला. गेलो तर काय, आमचंच मैदान. तिथे युक्रेनच्या लोकांचा जुना क्लब, पोर्तुगीजांचा जुना क्लब. क्लबाच्या घरात खाली खाणंपिणं, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, लग्नंकार्यं तिथेच. एक म्हातारा युक्रेनी माझ्याशी बराच वेळ बोलला, जावई मधे मधे समजावून सांगत होता. पूर्वी आम्ही फक्त आमचीच मुलं खेळवायचो, म्हणाला. मग लीगच्या पुढारी मंडळींनी सांगितलं, जर्सीवरून तुमच्या देशाचं नाव काढा, म्हणजे अमेरिकन लोक बघायला येतील. आम्ही काढलं. अमेरिकन आले नाहीत आणि आमचे लोक येईनासे झाले. मी विचारलं, मग आता मैदानात हे कोण खेळताहेत? तो म्हणाला, इक्वेडोरची पोरं आहेत, होंडुरासची आहेत. चांगली आहेत. माझी बायको त्यांच्यासाठी सूप करते.

परत आल्यावर हे सगळं मी जॉर्जभाऊंना सांगितलं, मुद्दामच. कारण मलबारचे दिवस भरत आले होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं, त्यांना सोडून. जुनी मंडळी निवृत्त होऊन गावाला गेली. मुलं पुण्याला, आखातात, कुणी कॅनडात. एकेकाळी ज्यांच्या बाकावर राखीव खेळाडूंना बसायला जागा नसायची, ते अकरा जमवायला फोनवर फोन करत होते. मी म्हणालो, "जॉर्जभाऊ, बाहेरची दोन पोरं घ्या. नालेगावात चांगली पोरं आहेत, मी देतो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांच्या घरात बूट घालून शिरलोय. "सर, सूप कराया आमच्या लिसीला येळ न्हाई," म्हणाले. "मलबार म्हंजी मलबार. बाहेरचा घेतला की मंग ते नुसतं नाव उरतं. त्यापरीस बंद केलेलं बरं."

गेल्या हंगामात तीच वेळ आली. आमच्या लीगमध्ये एखादा संघ एका हंगामात दोनदा मैदानात उतरू शकला नाही, तर तो बाद. कायमचा. त्याची मैदानाची वेळ दुसऱ्याला जाते, आणि आमच्याकडे ती वेळ घ्यायला क्रिकेटच्या अकादम्या टपलेल्याच असतात. मलबार एकदा उतरू शकला नव्हता. फुटबॉलच्या कायद्याने सामना सुरू करायला एका बाजूला किमान सात खेळाडू लागतात. सहा असतील तर पंच खेळ सुरूच करू शकत नाही, मग तो पंच तुमचा सख्खा भाऊ का असेना. हिमालविरुद्धच्या सामन्याला जॉर्जभाऊंकडे सहाच होते. बिजू पुण्याहून एसटीने येणार होता, तो धरून सहा.

सामन्याच्या आदल्या दिवशी जॉर्जभाऊ स्कूटर काढून नेप्तीच्या कांदा मार्केटला गेले. का? तर तिथे लिलावानंतर कांदा भरायला केरळचे ट्रक येतात. वारस शोधायला लोक गाव धुंडाळतात, हे नंबरप्लेट धुंडाळत होते. केएल लिहिलेला ट्रक दिसला की खाली वाकून ड्रायव्हरला विचारायचे, फुटबॉल खेळता का? बरेच जण झोपेतून उठवल्याबद्दल चिडले. एकाने डिझेलचा भाव विचारला. शेवटी एका ट्रकच्या मागे त्यांना एक तरणाबांड गडी दिसला. कांद्याची रिकामी जाळीची पोती गुंडाळून, सुतळीने बांधून त्याने गोळा केला होता आणि तो पायावर, गुडघ्यावर, डोक्यावर झेलत उभा होता. गोळा खाली पडत नव्हता. जॉर्जभाऊंनी मल्याळममध्ये हाक मारली. त्याने मल्याळममध्ये उत्तर दिलं, तेही त्रिशूरच्या ढंगात. जॉर्जभाऊंचं स्वतःचं गाव त्रिशूरजवळच. त्यांनी म्हणे त्या पोराला मिठीच मारली. नाव विचारलं, सचिन. केरळात सचिन नावाची पोरं काही कमी नाहीत. ट्रक सोमवारी भरायचा होता. पोरगा खूश झाला, हो म्हणाला.

हे सगळं मला रविवारी सकाळी मैदानावर कळलं, जॉर्जभाऊंच्याच तोंडून. ते पिवळी जर्सी घालून आले होते, खेळणं गुडघ्यांनी कधीच सोडवलेलं, पोट सुटलेलं, पण जर्सी कडक इस्त्रीची. "सात झाले सर," म्हणाले. "आनि सातवा असा हाय, की बगत ऱ्हाल." मला खरंच बरं वाटलं. मी सगळ्या लीगचा पंच, त्यांच्या क्लबाचा नव्हे, पण एवढ्या वर्षांत माणूस आत जाऊन बसतोच.

नाणं उडवायला दोन्ही कप्तानांना बोलावलं. मलबारचा कप्तान बिजू, हिमालचा प्रकाश. प्रकाशने नाण्याकडे बघितलंच नाही. "सर, आक्षेप आहे," म्हणाला. "तो नवीन, सचिन. तो मल्याळी नाही."

जॉर्जभाऊ रेषेवरून आत आले. "काय बोलतो रं? कालच भेटलो मी. त्रिशूरचा हाय."

प्रकाश माझ्याशीच बोलला. "काल रात्री माझ्या गाडीवर जेवला तो सर. मराठीत बोलला. 'मालक, तिखट जरा कमी टाका, उद्या खेळायचंय' असं बोलला. तुमच्यापेक्षा चांगली मराठी."

मी सचिनकडे बघितलं. तो खाली बघत होता. मी म्हणालो, "आईला फोन लाव." दुसरं मी काय म्हणणार? नियम माझा, लीगने मानलेला, आणि प्रकाशला तो वापरायचा हक्क होता. त्याच्या विंगरला जॉर्जभाऊंनीच उभं केलं होतं याच वर्तुळात.

फोन लागला. दोन्ही संघ गोल करून उभे. पलीकडून बाईचा खणखणीत आवाज आला, "काय रं, भरला का ट्रक? जेवलास का न्हाईस?"

मराठी. आपली मराठी, खानापूर-विट्याकडची.

सचिनने मग सगळं सांगितलं. वडील तिकडून त्रिशूरला गेलेले, सोनं गाळायच्या धंद्याला. सांगली जिल्ह्यातली कितीतरी घरं त्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, हे मला माहीत होतं. सचिन त्रिशूरला जन्मला, तिथल्या शाळेत शिकला, मल्याळममध्ये वाढला. धंदा बसला तसा ट्रकवर आला. मी विचारलं, "मग काल सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "विचारलं कुठं कुणी सर? त्यांनी मल्याळममदी हाक मारली, मी मल्याळममदी उत्तर दिलं."

माझ्या नियमाने तो बाद होता. मलबार सहावर आला, आणि सहावर आला म्हणजे संपला. मी ते तोंडाने बोललो नाही, पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. जॉर्जभाऊंचा चेहरा बघवत नव्हता. तरी माणूस नियमाचा पक्का. सचिनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, जर्सी काड. तुजी चूक न्हाई. पन आमची रीत हाय."

सचिनने जर्सीला हात घातला, तेवढ्यात बिजू बोलला. शांत पोरगा, त्याने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. "पप्पा, मग मला पण फोन लावायला सांगा. मम्मीला. मी काय बोलतो माहिती आहे ना तुम्हाला?"

जॉर्जभाऊंनी सचिनच्या खांद्यावरचा हात काढला.

"मराठीत बोलतो मी. सरांच्या नियमाने मी पण मलबारचा नाही. मग पाचच उरले."

मी इतकी वर्षं हा नियम मिरवत होतो आणि तो असा माझ्याच तोंडावर येऊन आपटेल हे माझ्या स्वप्नात नव्हतं. खरं सांगतो, मला त्या क्षणी शिट्टी खिशात टाकून घरी जावंसं वाटलं. फोन अजून चालूच होता, कुणाच्या लक्षात नव्हतं. आतून आवाज आला, "सचिन, कोन बोलतंय तितं? काय झालं?"

"काय न्हाई आई. हितं खेळायचं हुतं. पन ह्यो मल्याळी लोकांचा क्लब हाय, आनि मी मराठी हाय म्हनत्यात. म्हनून बाहीर."

बाई म्हणाली, आणि ती रागावून बोलली नाही, हेच मला जास्त लागलं, "हिकडं केरळात तुला मराठी हाईस म्हनून क्लबात घेतलं न्हाई. तिकडं मल्याळी न्हाईस म्हनून घेत न्हाईत. मंग माज्या पोरानं खेळायचं तरी कुटं?"

हिमालची पोरं, ज्यांना मराठी येत होती ती आणि ज्यांना येत नव्हती तीही, पायाने माती उकरत होती. प्रकाश माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "सर, मी आक्षेप मागे घेतो. मला असं नको होतं."

त्याने मागे घेतला असता तर प्रश्न मिटला असता. मी हायसं वाटून मान हलवणार, तर जॉर्जभाऊंनी त्याचा दंड धरला. "मागं घिऊ नको. तुजा आक्षेप बराबर हाय." मग माझ्याकडे वळले. आवाज ताठ होता. "सर, लिवा. सचिन. मल्याळी न्हाई, मराठी हाय. आनि मलबारचा हाय. चालतंय का?"

मी म्हणालो, "रीत तुमची होती जॉर्जभाऊ. मोडायची तर तुम्हीच मोडायची. मी फक्त सात मोजतो."

"मंग मोजा," म्हणाले.

मी मोजले. सात. तेव्हापासून आमच्या लीगमध्ये आईला फोन लावत नाहीत. माझा सगळ्यात लाडका नियम असा एका सकाळी गेला. त्याची हळहळ अजून वाटते, खोटं कशाला बोलू. पण परत आणायचा का असं कुणी विचारलं, तर मीच नको म्हणेन.

खेळ सुरू करायला शिट्टी तोंडात धरली, तर सचिन फोन कुणाकडे द्यावा म्हणून इकडेतिकडे बघत होता. बाईने फोन ठेवलेलाच नव्हता. तिला सामना ऐकायचा होता. जॉर्जभाऊंनी फोन घेतला आणि रेषेबाहेर जाऊन उभे राहिले. पहिलं वाक्य ते मराठीत बोलले. मग पलीकडून ती मल्याळममध्ये काहीतरी म्हणाली असणार, कारण तिथून पुढे ते मल्याळममध्येच बोलायला लागले. तीस-पस्तीस वर्षं त्रिशूरला राहिलेली बाई. रेषेवर उभं राहून मल्याळममध्ये सामन्याबद्दल बोलायला जॉर्जभाऊंना कित्येक हंगामांत कुणी उरलं नव्हतं. बरोबरीचे सगळे गेले होते, आणि मुलगा मराठीत उत्तर द्यायचा. आता ते हात हलवत, पुढे-मागे चालत, तिला चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला ते सांगत होते.

सात विरुद्ध अकरा म्हणजे सामना काय असणार. एक जरी लंगडून बाहेर बसला असता तरी मला खेळ थांबवावा लागला असता, म्हणून मलबारची जुनी हाडं जपून जपून धावत होती. हिमालने गोलांची रांग लावली. सचिन मात्र असा खेळला, की हिमालची पोरं आपल्या वाट्याच्या खेळाडूला सोडून त्याच्याकडे बघत राहायची. एकदा तो तिघांना चकवून गोलपाशी गेला आणि मागून कुणीतरी त्याला ओढलं. तो पडला नाही, तोल सावरून पुढे निघाला. मी हात पुढे केला आणि शिट्टी वाजवली नाही. त्याने चेंडू मारला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. रेषेवरून जॉर्जभाऊ माझ्यावर ओरडले, "ओ सर, फाउल दिसला न्हाई का?" आणि लगेच फोनवर तिला, बहुतेक नगरचे पंच किती आंधळे आहेत ते, सविस्तर सांगायला लागले.

मी शेवटची लांब शिट्टी वाजवली. दोन्ही संघांनी हात मिळवले. प्रकाशने सचिनला रात्रीच्या जेवणाचं सांगितलं. जॉर्जभाऊ फोन बंद करून डोळे पुसत माझ्याकडे आले. मी विचारलं, "काय सांगितलंत तिला शेवटी?"

"खरं तेच," ते म्हणाले. "म्हनलं, लई गोल खाल्ले, आपन हारलो. पन फुडच्या रविवारी आपला सामना चर्चवाल्यांसंगं हाय."